उरलासुरला वाफा बियाला सोडू नका



आज घासाबद्दल लिहितोय. घास म्हणजे लसूणघास. आमच्या नगरकडं नुसतं घास म्हटलं तरी कळतं, बाहेरच्या मंडळींसाठी पूर्ण नाव लिहिलं. जरा कडक लिहिणार आहे. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडं घासाचं बी धरायची जी रीत पडलीय, तिच्यामुळं चारा पण बिघडतोय आणि बी पण बिघडतंय. रीत काय ते सगळ्यांना माहीत आहे. घास तीन-चार वर्षं कापून खायचा. तो विरळ झाला, हरळी शिरली, अमरवेल चढली, कापायला परवडेना, की मग म्हणायचं, "आता हा बियाला सोडू, मोडायचाच आहे." म्हणजे गोठ्यातली जी गाय कामाची राहिली नाही तिचीच कालवड वाढवायची, तसला प्रकार. ते बी बाजारात जातं, दुकानात जातं, पिशवीत भरलं जातं आणि पुढच्या दिवाळीला आपल्याच शिवारात परत येतं. मग आपण म्हणतो, "हल्ली घास पूर्वीसारखा टिकत नाही."

कसा टिकेल?

आधी अमरवेलीचा हिशोब बघू. घासाचं बी बारीक असतं, एका किलोत चार-पाच लाख दाणे भरतात. अमरवेलीचं बी त्याहून बारीक, गोल, करडं आणि खरखरीत. किलोभर बियात अर्धा ग्रॅम अमरवेल असली तर डोळ्याला दिसतसुद्धा नाही, पण तेवढ्यात काहीशे दाणे असतात. एकरी १० किलो बी पेरलं की अमरवेलीचे हजारो दाणे स्वतःच्या हातानं रानात टाकले. ते सगळे एकदम उगवत नाहीत. कवच कठीण असल्यामुळं काही दाणे जमिनीत दहा वर्षं आणि त्याहून जास्त पडून राहतात. म्हणजे घास मोडला, ऊस घेतला, कांदा घेतला, परत घास टाकला, तरी ती बया हजर. अमरवेलीला मूळ फक्त उगवताना असतं. एकदा घासाला विळखा घातला की मूळ सुटतं आणि ती घासाच्याच रसावर जगते. मग ना ती खुरप्यानं निघते, ना पाणी तोडून मरते. कापणी केली तर विळ्याला आणि पेंढीला चिकटून दुसऱ्या वाफ्यात जाते.

बीज प्रमाणीकरणाच्या नियमात लसूणघासासाठी अमरवेल हे आक्षेपार्ह तण धरलेलं आहे. नियम चांगला आहे. पण आपण जे बी घेतो त्यातलं प्रमाणित किती असतं? बरंचसं मोकळं किंवा नुसतं छापील पिशवीतलं. आमच्या शिवारात एका दुकानातून आलेल्या एकाच लॉटचं बी चार जणांनी पेरलं आणि चौघांच्याही रानात पहिल्याच वर्षी पिवळे दोरे दिसले. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं, "वरूनच तसं आलं." वरून म्हणजे कुठून? कुणाच्या तरी उरल्यासुरल्या वाफ्यातून.

म्हणून पहिलं सांगणं असं. बियाचा वाफा पेरायच्या आधी ठरवा, घास म्हातारा झाल्यावर नको.

इथं जुनी मंडळी एक मुद्दा काढतात. मुद्दा खोटा नाही, म्हणून त्याला उत्तर दिलं पाहिजे. ते म्हणतात, "चार वर्षं जे बुडखे टिकले तेच खरे दमदार, त्यांचंच बी धरावं." अर्धं बरोबर आहे. टिकणारी झाडं निवडणं हीच निवड पद्धत. पण दोन गोष्टी विसरू नका. घास हे परागीकरणाला दुसरं झाड लागणारं पीक आहे. स्वतःच्याच परागावर बी कमी धरतं, आणि जे धरतं त्याची पुढची पिढी कमजोर निघते. दहा गुंठ्यात पन्नास बुडखे उरले असतील तर त्या पन्नासांतच सोयरीक फिरत राहणार. दुसरं म्हणजे बुडखा दमदार असला तरी त्याच्या अंगावर अमरवेल असेल तर दमदारपणाबरोबर अमरवेल पण गोळा होणार. वय हा दोष नाही, घाण हा दोष आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा, स्वच्छ, सगळीकडं सारखा विरळ घास बियाला उत्तम. तसा असेल तर खुशाल सोडा.

आता चाऱ्याकडं येतो, कारण चारा नीट नसेल तर बियाला जागा सोडायची हिंमत कुणाची होत नाही. माणूस बियाचा वाफा कापून का खातो? गोठ्यात कमी पडतं म्हणून. आणि कमी का पडतं? तर तीन कारणं आहेत आणि तिन्ही आपल्या हातातली आहेत.

पहिलं, युरिया. दर कापणीनंतर मूठमूठ युरिया टाकायची सवय. अहो, घास द्विदल आहे. त्याच्या मुळावर गाठी असतात आणि तो हवेतलं नत्र स्वतः घेतो. वरून आयता युरिया मिळाला की गाठी काम सोडतात. युरियाचा खरा फायदा हरळीला, लव्हाळ्याला आणि इतर गवताला होतो. मग आपण म्हणतो गवतानं घास खाल्ला. गवताला खायला आपणच घातलं की! घासाला भूक आहे स्फुरदाची. राहुरी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २० किलो नत्र, ८० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे. ८० किलो स्फुरद म्हणजे एकरी साधारण चार गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट. त्यातून गंधक पण मिळतं आणि द्विदलाला ते लागतंच. एवढं स्फुरद देणारे हात वर करा. फार वर येणार नाहीत.

याच्याच पोटात जिवाणू खताची गोष्ट. रायझोबियम सगळं एक नसतं. सोयाबीनचं पाकीट घासाला चालत नाही. घासाचा आणि मेथीचा गट एक. दुकानात "रायझोबियम द्या" एवढंच म्हटलं तर सोयाबीनचं मिळणार, कारण तेच जास्त खपतं. पाकिटावर पीक वाचून घ्या. ज्या रानात पूर्वी कधी घास नव्हता तिथं याचा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. महिना-दीड महिन्यानं एखादं रोप मुळासकट हळू उपटा आणि गाठ फोडून बघा. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

दुसरं, कच्ची कापणी. घास कापायची योग्य वेळ म्हणजे शंभरातल्या दहा काड्यांना फूल दिसलं की. पेरणीनंतर पहिली कापणी दोन महिन्यांच्या आसपास, पुढं २५ ते ३० दिवसांनी. आता होतं काय, चारा कमी पडला की वीस दिवसांवरच विळा लागतो. दिसायला कोवळा, लुसलुशीत चारा मिळतो. पण कापल्यावर नवा फुटवा मुळात साठवलेल्या अन्नावर येतो आणि तो साठा पाला वाढल्यावरच परत भरतो. भरायच्या आत परत कापलं की मूळ रोडावतं. असं चार-पाच वेळा झालं की बुडखे मरायला लागतात, मोकळ्या जागेत गवत येतं, आणि तीन वर्षं चालणारा घास दीड वर्षात संपतो. वर जमिनीसरपट खरडून कापायची हौस. तीन-चार बोटं बुडखा ठेवा.

यावर उपाय साधा आहे. रानाचे तीस सारे पाडा आणि रोज एकच सारा कापा. तीस दिवसांनी पहिल्यावर परत या. गोठ्याला कमी पडलं तर मका, कडवळ किंवा मुरघास घाला, पण पुढच्या साऱ्यावर उडी मारू नका. नाही तरी नुसता घास घालणं बरं नाहीच. ओला कोवळा घास पोटभर खाल्ला तर जनावराचं पोट फुगतं हे सगळ्यांनी पाहिलंय. वाळल्या चाऱ्याबरोबर कुट्टी करून घाला.

तिसरं, पाणी साचणं. घासाला पाणी लागतं पण बुडात साचलेलं चालत नाही. भारी चोपण रानात, पाटपाण्यानं वाफे तुडुंब भरले की मुळं कुजतात. निचऱ्याचं रान द्या, नाही तर घास लावू नका.

हे तीन सुधारलं की त्याच रानात चारा वाढतो. राहुरीनं काढलेला आरएल ८८ वाण नीट सांभाळला तर वर्षात दहा-बारा कापण्या आणि हेक्टरी शंभर टनांच्या पुढं हिरवा चारा देतो. म्हणजे दर कापणीला दहा गुंठ्यात टनभर. आपल्याला याच्या निम्मा येत असेल तर दोष वाणाला द्यायच्या आधी वरची तीन कारणं तपासा.

आता मूळ विषय, बी.

बियाचं आणि चाऱ्याचं गणित एकमेकांच्या उलटं आहे, आणि गडबड तिथंच होते. चाऱ्याला दाट पेरणी, भरपूर पाणी, भराभर फुटवा. बियाला विरळ पेरणी, बेताचं पाणी, फुटवा थांबून फूल. चाऱ्याला एकरी १० किलो बी एक-एक फुटावर ओळीत टाकतो. बियासाठी दोन-अडीच फुटांवर ओळी आणि एकरी दोन-तीन किलो बी पुरे. दाट घासात सूर्यप्रकाश आत जात नाही, खालची फुलं गळतात आणि पीक लोळतं. "एवढा जोरदार घास, आणि बी काहीच नाही," असं म्हणणारे खूप भेटतात. जोरदार होता म्हणूनच बी नाही!

वेळ पण महत्त्वाची. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पेरणी असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात शेवटची कापणी घ्या आणि तिथून पुढं विळा लावू नका. त्याआधीच्या कापण्या गोठ्याला मिळालेल्या असतातच. मार्च-एप्रिलला फुलोरा येतो आणि मेच्या पूर्वार्धात शेंगा पिकतात. ज्यांनी मार्च अखेरपर्यंत "अजून एक कापणी" केली त्यांच्या शेंगा वळवाच्या पावसात सापडतात. भिजलेलं बी काळं पडतं आणि उगवण जाते. म्हणजे एक टन चाऱ्याच्या लोभानं सगळं बी घालवायचं.

फेब्रुवारीनंतर पाणी लांबवा. पीक सुकवायचं नाही, पण सारखं ओलं ठेवलं तर बुडातून नवे फुटवे येत राहतात, फूल-शेंग-कोंब सगळं एकाच झाडावर दिसतं आणि काढणी कधी करावी कळत नाही. हलक्या रानात एखादी पाळी जास्त, भारी रानात कमी. रान तुमचं, अंदाज तुमचा.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जी आपल्याकडं कुणी बोलत नाही. माशी.

घासाचं फूल बघितलंय का नीट? त्याच्या खालच्या पाकळ्यांत केसर आणि स्त्रीकेसर ताणून दाबून धरलेले असतात, सापळ्याच्या खटक्यासारखे. माशी बसली आणि दाब पडला की खटका उडतो, केसर वर येऊन माशीच्या अंगावर आपटतं आणि पराग लागतो. खटका उडाला नाही तर ते फूल बहुतेक वेळा रिकामंच गळतं. वाऱ्यानं, उन्हानं थोडे उडतात, पण त्यावर पीक निघत नाही.

पेटीतल्या मधमाशीला तो फटका आवडत नाही. ती हळूच पाकळीच्या बाजूनं सोंड घालून मध पिते आणि खटका न उडवता निघून जाते. परागासाठी आलेली माशी मात्र खटका उडवते. म्हणून नुसत्या पेट्या आणून ठेवल्या म्हणजे काम झालं असं नाही, पेट्या भरपूर पाहिजेत आणि जंगली माश्या पण पाहिजेत. आग्या, फुलोरी आणि पानं कातरून घर करणाऱ्या एकट्या राहणाऱ्या माश्या. गुलाबाच्या पानावर गोल कातरलेलं दिसतं ना, ती हीच माशी.

कॅनडात घासाचं बी पिकवणारे शेतकरी ही पानकातरी माशी मुद्दाम पाळतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात काही शेतकरी जमिनीत बिळं करणाऱ्या माशीसाठी खारवट ओलसर रान राखून ठेवतात, त्यात पीक घेत नाहीत. आणि आपण? बांधावरच्या झाडाला आग्या मोहोळ दिसलं की संध्याकाळी मशाल. बांध पेटवायचा, पोकळ काड्या, जुनी लाकडं सगळी जाळायची आणि भर फुलोऱ्यात सकाळी दहाला फवारणी. मग म्हणायचं शेंग का धरली नाही. मावा किंवा घाटेअळी आली तर फवारा, नको कोण म्हणतंय? फुलोऱ्याच्या आधी बंदोबस्त करा, आणि फुलात गरज पडलीच तर दिवस मावळल्यावर, माशी घरी गेल्यावर. शेजाऱ्यालाही सांगून ठेवा.

एकरी दोन पेट्या तरी ठेवाव्यात असं माझं मत. कुणाला शिकायचं असेल तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथं प्रशिक्षण मिळतं.

काढणीचं थोडक्यात. शेंगेला वेटोळं असतं. शंभरातल्या साठ-सत्तर शेंगा तपकिरी झाल्या की थांबू नका, सगळ्या पिकायची वाट बघाल तर आधीच्या गळतील. सकाळी दव असताना कापा, ताडपत्रीवर वाळवा, तिथंच बडवा. त्याआधी फुलोऱ्यात दोनदा वाफा फिरून बघा. पिवळा दोरा दिसला तर तेवढी जागा आजूबाजूच्या दोन फुटांसकट बुडातून कापून तिथंच जाळा, ओढत बाहेर नेऊ नका. अमरवेल फुलावर आली असेल तर त्या वाफ्याचं बी धरूच नका. जनावराला घाला आणि विषय संपवा, पण फुला-बियावर आली असेल तर जनावराला पण घालू नका, शेणातून परत रानात येते. त्या वेळी जाळणं हाच मार्ग.

आता तुम्ही विचारणार, पैशाचं काय? रास्त प्रश्न. दहा गुंठे बियाला सोडले तर फेब्रुवारी ते मे तीन कापण्या गेल्या, म्हणजे तीन टन चारा, तो पण उन्हाळ्यातला. बी येईल साधारण वीस किलो. माशी नसेल तर त्याहून कमी. तुमच्या बाजाराचे भाव घालून बघा. बऱ्याच वर्षी दोन्ही आकडे जवळजवळ येतात. म्हणजे बी विकून श्रीमंत होता येत नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फायदा दुसरीकडं आहे. त्या वीस किलोत दोन एकर घास पेरला जातो आणि त्यात अमरवेल नाही हे तुम्हाला पक्कं माहीत असतं. तीन वर्षं चालणारं पीक, त्याचं बी म्हणजे पाया. पायातली वीट स्वस्त मिळाली म्हणून कुणी कच्ची लावत नाही.

म्हणून प्रत्येकानं बी धरा असंही माझं म्हणणं नाही. वाडी-वस्तीवरच्या आठ-दहा जणांत एकानं पाऊण एकर बियाला ठेवावं आणि बाकीच्यांनी त्याचं बी रोख घ्यावं, उधार नाही. उन्हाळ्यात त्याला चारा कमी पडला तर प्रत्येकानं पाच-सहा पेंढ्या द्याव्यात. दुधाला भाव नाही म्हणून रोज बोंबलतो आपण. दुधाचा भाव आपल्या हातात नाही, पण सरकी पेंडेचा खर्च कमी करणारा चांगला घास आपल्या हातात आहे. घासाच्या वाळल्या वजनात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात आणि त्यातली बरीचशी पानात. ती रानातली पेंडच आहे.

शेवटी कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या साहेबांना. साहेब, तुमच्या पुस्तिकेत वाणाचं नाव असतं, खताचा डोस असतो, टन असतात. त्या वाणाचं खात्रीचं बी आमच्या तालुक्यात कुणाकडं किती आहे, हे पण एका ओळीत छापा. प्रात्यक्षिकाचा प्लॉट हिरव्या चाऱ्यासाठी घेता, एक प्लॉट बियासाठी घ्या आणि त्याच्या कडेला माशीच्या पेट्या ठेवा. आम्ही बघायला येऊ. घास हे बिनकामाचं पीक असतं तर नगर-नाशिक-सोलापुरात गोठे उभे राहिले नसते.

यंदाच्या ऑक्टोबरला कोण कुठला सारा बियासाठी पेरणार, ते आत्ताच ठरवा. फेब्रुवारीत ठरवायला बसलात तर परत उरलासुरलाच वाफा हाताशी लागेल.

माझं चुकतंय असं वाटत असेल तर सांगा, पण आपल्या वाफ्याचा अनुभव घेऊन सांगा. राम राम.